कच्चंच का, ते सांगायचं राहिलं

दीड वर्षाच्या त्या मुलीचं पोट यकृत वाढल्यामुळे पुढे आलं होतं. निदान होतं ग्लायकोजन साठवणीचा आनुवंशिक आजार, प्रकार १. यात यकृतात साखर साठते. ती रक्तात सोडणारं एन्झाइम मात्र जन्मापासूनच काम करत नाही. तीन-चार तास पोटात काही गेलं नाही की रक्तातली साखर झपाट्याने उतरते. कच्चं कॉर्नफ्लोअर हळूहळू पचतं आणि साखर पुरवत राहतं, हा उपाय १९८४ साली प्रसिद्ध झाला.

मला हे पाठ होतं. आईला मात्र मी एवढंच सांगितलं, "दर चार तासांनी कॉर्नफ्लोअर पाण्यातून द्या, रात्रीसुद्धा." कागदावर ग्रॅम लिहिले. "समजलं ना?" म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मी पुढचा पेशंट आत बोलावला.

काही दिवसांनी भल्या पहाटे मुलीला झटके आले. रक्तातली साखर २८ पर्यंत उतरली होती. "रात्रीचा डोस चुकवलात ना?" मी आवाज चढवूनच विचारलं.

"न्हाई डॉक्टर, गजर लावून उठत होते. पेजेसारखं शिजवून पाजलं. कच्चं पीठ लेकराच्या पोटात कसं घालायचं?"

शिजवलेलं कॉर्नफ्लोअर भराभर पचतं आणि साखर लवकर संपते. ते कच्चंच का द्यायचं, हे मी बोललेच नव्हते. मुलगी वाचली, पण फिट्सची औषधं मागे लागली. आणि रात्र-रात्र जागलेल्या आईला मी दोषी धरलं होतं.

पुढे मी आयांना माझ्यासमोरच डोस तयार करायला लावू लागले. वजनकाट्यावर मोजायचं, थंड पाण्यात कालवायचं, लगेच पाजायचं. पाकीटही घरचंच आणायला सांगते. एकीने कॉर्नफ्लोअर समजून मक्याचं पिवळं पीठ आणलं होतं. वडील आणि आजी यांनाही बसवून घेते, कारण आईला ताप आला तर रात्री तेच उठणार. मुलाला उलट्या होऊन तोंडाने काही टिकत नसेल, तर थेट दवाखाना गाठून शिरेतून ग्लुकोज लावायला हवं. तसं पत्र त्यांच्या पिशवीत असतंच. शेवटी सगळं आईनेच मला समजावून सांगायचं. ती जिथे अडखळते, तिथे माझं सांगणं कमी पडलेलं असतं.

आईबापांनो, डॉक्टर कितीही घाईत असोत, 'असंच का?' हे विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. आणि आम्हा डॉक्टरांनी, मान हलली म्हणजे समजलं, असं धरून चालू नये.