घोरणारा बैल, गप्प म्हैस

दिवाळी सरली की गुजरातेतल्या बारडोलीच्या ऊसपट्ट्यात तोड सुरू होते. डांग, नंदुरबार, धुळ्याकडची कुटुंबं बैलगाड्यांसकट पडाव टाकतात आणि त्यांच्यातला एखादा बैल रात्री घोरायला लागतो. मालक म्हणतो, "साहेब, सर्दी हटतच नाही." मी थर्मामीटरच्या आधी कान लावतो. सर्दीचा श्वास ओला असतो. हा घासत, अडखळत येतो.

टॉर्च मारला की नाकपुडीत आतवर फुलकोबीसारखी लालसर गाठ दिसते. तिच्या मुळाशी नाकाच्या शिरांत राहणारा कृमी, शिस्टोसोमा नेसाले. मद्रासच्या एम. अनंत नारायण राव यांनी १९३३ साली त्याचं वर्णन केलं. नर अंगाच्या पन्हाळीत मादीला धरून रक्तातच संसार करतो. त्यांचा जाच तसा कमी, जाच अंड्यांचा. ती शिरेची भिंत फोडून शेंबडात उतरतात, आणि त्यांच्याभोवती गाठी धरतात.

तपासणी घाणेरडी, पण माझ्या आवडीची. शेंबूड कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात विरघळवायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा, तळाचा थेंब काचेवर घ्यायचा. अंडं धनुष्यासारखं वाकलेलं, टोकाला काटा. एकदा दिसलं की वाद मिटला. अँटिमनीची इंजेक्शनं दिली की बैल मोकळा श्वास घेऊ लागतो.

आणि पुन्हा त्याच पाण्यावर जातो! काकरापारच्या कालव्यांनी इथला ऊस पोसला. झिरपून साचलेल्या डबक्यांत इंडोप्लॅनॉर्बिस ही चपट्या वेटोळ्याची गोगलगायही पोसली जाते. शेंबडातून पाण्यात पडलेल्या अंड्यातली अळी तिच्या अंगात वाढते, आणि तिथून सुटलेली पुढची पिढी जनावराच्या कातडीतूनच आत शिरते. गुहागर तालुक्यातल्या गिमवीत १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी याच कुळातल्या कृमीचा माणसांतला रोग नोंदवला. तिथंही माग पाण्यातल्या एका बारक्या गोगलगाईपर्यंत गेला.

घोरतो म्हणून बैलाला आपण जरा जास्तच भाव देतो, असं माझं मत. त्याच डबक्यात दुपारभर डुंबणारी म्हैस हाच कृमी बाळगते. ती सहसा घोरत नाही, दूध देते, खाते-पिते. अंडी मात्र थोडी का होईना, पाण्यात सोडत राहते. तिला दवाखान्यात कोण आणणार? शेंबूड तपासायला मागितला की मालक हसतो, "साहेब, मारी भेंस तो साजी छे." माझी म्हैस तर धडधाकट आहे! मग वेसण धरायलाही कुणी पुढं येत नाही.