जयसिंगपूरची मावळती

जयसिंगपुरात गिऱ्हाइकाची वेळ आणि सूर्यास्ताची वेळ एकच. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसविलेली ही पेठ. रस्ते सरळ आणि रुंद, गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक. शिरोळ तालुक्यातील खेड्यांतून आलेला माणूस परतण्यापूर्वी खरेदी उरकतो, ती दिवेलागणीच्या तोंडावर. नेमका त्याच सुमारास रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या घरातून दुकानात निरोप येतो, "ताट वाढलंय."

त्यामुळे येथील जुन्या जैन व्यापाऱ्याचे लक्ष जसे तराजूच्या काट्यावर, तसेच मावळतीच्या उन्हावरही असे. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या आरंभी सात वाजून गेल्यावर. त्यातही सूर्यास्तापूर्वीच्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, वर्ज्य मानणारी घरे आहेत. अशा वेळी बारमाही एकच वेळ धरून चालत नाही. ऊन ओट्यावरून कोठवर सरकले, हे पाहावे लागते. नियम जीवदयेचा, दिव्यावर झेपावणाऱ्या सूक्ष्म जीवांसाठीचा. पण त्याने दररोज आकाशाकडे पाहण्याची सवय लावली आणि दिवसाकाठी एक निवांत, प्रसन्न क्षण मिळवून दिला. आता सूर्यास्ताचे नेमके मिनिट मोबाईलवर दिसते. सोय मोठीच, मात्र मान वर करण्याचे कारण तेवढे उरत नाही.

कुंदकुंदाचार्यांच्या 'बारस अणुवेक्खा' या प्राकृत ग्रंथात अनित्यभावनेसाठी पाण्याचा बुडबुडा, इंद्रधनुष्य, वीज आणि मेघांची शोभा यांच्या उपमा येतात. वैराग्याचे काव्य रुक्ष असते, असे म्हणणाऱ्यांनी या उपमा पुन्हा वाचाव्यात. ज्याने पावसाळा डोळे भरून पाहिलेला नाही, त्याला त्या सुचणार नाहीत. अठरावे तीर्थंकर अरनाथ यांना शरदातील मेघ विरताना पाहून वैराग्य झाले, असे उत्तरपुराण सांगते. मेघ तर सर्वांच्याच डोक्यावरून जात होते, पाहिले एकाने.

भाद्रपदात सरी ओसरताना उदगावला कृष्णेच्या काठी उभे राहिले, की हे सारे पाठ न करता समजते. पाण्यावर बुडबुडे उठतात, फुटतात, आणि मन उगाचच हलके होते. याच कृष्णेने २००५, २०१९ आणि २०२१ साली तालुक्यातील कित्येकांची घरेदारे पाण्याखाली नेली. अनित्य हा शब्द या भागात कोणाला फोड करून सांगावा लागत नाही. तरीही पूर ओसरल्यावर माणसे पुन्हा त्याच काठावर येऊन बसतात.

हिवाळ्यात गावाबाहेरच्या उसाला तुरे येतात. पश्चिमेला, कुंभोजच्या बाहुबली डोंगराच्या दिशेने सूर्य कलतो आणि ते तुरे क्षणभर तांबूस होतात. त्या डोंगरापाशी बाहुबलींची २८ फुटी मूर्ती उभी आहे, अंगावर वेली चढलेली. वेली चढेपर्यंत स्थिर राहिलेल्या पुरुषाची.

घाईने जेवून दुकानदार परततो. पायरीवर थांबून एकदा मावळतीकडे पाहतो. आत गिऱ्हाईक ताटकळलेले असते. "चुकलं, दादा," म्हणत तो गल्ल्यावर बसतो आणि दिवा लावतो.