ओवीतला भाऊ

मल्लिकार्जुनाचे यादवकालीन मंदिर, तेथील पुष्करणी आणि वराहमूर्ती यांमुळे लोणी भापकर हे गाव मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. माझा त्या गावाशी अभ्यासक म्हणून संबंध आला तो मात्र जात्यावरच्या ओव्यांच्या निमित्ताने. त्या ओव्या माझ्या आजोबांच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या आत्याआजीच्या होत्या.

2004 साली पीएच.डी.च्या कामासाठी मी टेपरेकॉर्डर घेऊन तिच्यापुढे बसले, तेव्हा तिने ऐंशी ओलांडली होती. घरचे दळण कधीच गिरणीवर जाऊ लागले होते. जाते पडवीच्या कोपऱ्यात होते. नुसते बसून ओव्या सांग म्हटल्यावर तिला एकही आठवेना. "जातं फिरल्याबिगर ववी येत न्हाई, बाई," ती म्हणाली. रिकामे जाते ओढू नये म्हणून तिने मूठभर ज्वारी वैरली आणि मग ओव्या येऊ लागल्या. त्यांत सर्वाधिक होत्या भावाच्या.

साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'पासून आपल्याकडे ओव्यांची मांडणी बहुधा विषयवार होत आली आहे. मीही तेच केले. आत्याआजीच्या ओव्या 'बंधुप्रेमाचा उत्कट आविष्कार' या प्रकरणात गेल्या आणि ती स्वतः परिशिष्टात गेली : निवेदक क्रमांक 7, वय अंदाजे 80, निरक्षर, विवाहित.

यातील शेवटचा शब्द लिहिताना माझा हात अडखळला नाही, याचे आज आश्चर्य वाटते. नवऱ्याने दुसरी बायको केल्यावर ती विशीतच माहेरी परतली होती. पुढची साठ वर्षे ती भावाच्या घरी राहिली. हे घरात सर्वांनाच ठाऊक होते, मलाही. पण घरातली माहिती आणि संशोधनाची सामग्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी माझी समजूत होती.

वडील गेल्यानंतर 7/12 च्या जुन्या उताऱ्यांसाठी ट्रंक उघडली, तेव्हा एक हक्कसोडपत्र हाती आले. पणजोबांच्या मृत्यूनंतरचे, साठच्या दशकातले. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीलाही वडिलांच्या मिळकतीत वारस ठरवले होते. तो वारसा तिने भावाच्या नावे सोडला होता. 'स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय' या शब्दांखाली तिच्या डाव्या हाताचा अंगठा होता.

त्या रात्री मी त्याच ओव्या पुन्हा वाचल्या. भावाच्या वाड्याचे कौतुक, दिवाळीच्या चोळीची अपेक्षा, भावजयीच्या बोलण्याची धास्ती. संहिता तीच होती. मी विचारात घेतला नव्हता तो श्रोता. पहाटेच्या त्या घरात ओसरीवर भाऊ निजलेला असे आणि भिंतीपलीकडे भावजय, म्हणजे माझी आजी, जागी असे. ज्या घरात राहायचे त्या घराच्या धन्याचे गुण त्याला ऐकू जातील अशा बेताने गायिले जात होते. त्यात माया होती आणि अर्जही होता.

केवळ अर्ज होता असे म्हटले, तर तो दुसरा अन्याय होईल. गाव जिरायती पट्ट्यातले. नीरेच्या कालव्याचे पाणी या शिवाराला नाही. 1972 च्या दुष्काळात दोघे भाऊबहीण एकाच कामावर खडी फोडायला जात. तेथे मिळणारी सुकडी आजोबा फडक्यात बांधून आणत आणि तिच्यासमोर बसल्याशिवाय खात नसत, असे वडील सांगत. ही आठवण खरी आणि तो अंगठाही खरा. ओवी या दोहोंच्या मधल्या जागेतून येत असावी.

गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहात गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव ओवीसोबत येते. ओवी कोणाची, हे नोंदवणे म्हणजे ती कोणत्या घरात गायिली गेली हे विचारण्याची सुरुवात होय. मी आत्याआजीला क्रमांक दिला आणि तो प्रश्नच मिटवला.

ती 2009 साली गेली. 2005 च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला. तरीही वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर धाकट्या भावाने तयार कागद माझ्यापुढे ठेवला. "ताई, सवडीनं सही कर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात दबाव नव्हता. मजकूर मात्र जुनाच होता : स्वखुशीने.

मी सही केलेली नाही. त्या वर्षीच्या भाऊबीजेला तो आला. ओवाळताना आम्ही दोघेही फारसे बोललो नाही. माहेर तुटण्याची जी भीती मी ओव्यांचा एक विषय म्हणून नोंदवली होती, ती मला त्या दिवशी प्रथम कळली.

प्रबंध ग्रंथरूपाने यावा म्हणून सध्या तो पुन्हा तपासते आहे. परिशिष्टातला क्रमांक काढून तेथे आत्याआजीचे नाव लिहिले आहे. त्या प्रकरणाचे शीर्षकही खोडले आहे. दुसरे अद्याप सुचलेले नाही.