सर्व संतांचा सण

नाताळ सगळ्यांना ठाऊक आहे. पण १ नोव्हेंबरला आमचा आणखी एक सण असतो, सर्व संतांचा. त्या दिवशी आम्ही एस.टी.ने बल्लारपूरला चर्चमध्ये जातो.

मागच्या वर्षी वर्गातला एक मुलगा म्हणाला, "तुमचे सगळे संत परदेशातले!" मला उत्तरच आले नाही. घरी येऊन रडलो. बाबा म्हणाले, "अरे, संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईत जन्मले. १५९७ साली जपानात, नागासाकीला, त्यांना क्रुसावर मारले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. आणि ज्या संतांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत, त्यांचाही हा सण आहे."

मला आजी आठवली. ती दाई होती. रात्री-बेरात्री कंदील घेऊन जंगलवाटेने बाळंतपणाला जायची. पैसे घेत नसे. "वाघाचे भेव नाही वाटत?" विचारले तर म्हणायची, "लेकरू का सकाळची वाट पायते?"

त्या मुलाचे बाबा तिच्याच हातचे. मी त्याला हे सांगितले. तो गप्प झाला.

आजी आता नाही. तिचे नाव कोणत्याच पुस्तकात नाही. यंदा चर्चमध्ये तिच्या नावाने मेणबत्ती लावणार आहे. तो मुलगाही येतो म्हणाला.

– इयत्ता ७ वी