शिंक ऐकली आणि टोळी निघाली!

घरातून निघताना कुणी शिंकले, तर माझ्या सासूबाई आजही दोन मिनिटे थांबायला लावतात. गेल्या जुलैत आफ्रिकेतल्या बोत्स्वाना देशात मात्र त्यांनी उलटाच प्रकार पाहिला. तेथे शिंका आल्या आणि सगळी मंडळी शिकारीला निघाली!

ठिकाण होते ओकावांगो नदीचा त्रिभुज प्रदेश. नद्या समुद्राला मिळतात, असे आपण शाळेत शिकलो. ही नदी मात्र अंगोलाच्या डोंगराळ भागातून येते, कालाहारीच्या वाळूत पसरते आणि तेथेच संपते. अंगोलात जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस येथे पोहोचायला काही महिने लागतात. म्हणून जून ते ऑगस्ट या हिवाळ्यात आकाशातून थेंब पडत नाही, पण जमिनीवर पूर असतो! आजूबाजूचे पाणवठे आटले, की हरणे, झेब्रे, हत्ती या पाण्याकडे येतात आणि त्यांच्या मागावर सिंह, बिबळे, तरस, रानकुत्री. गवतही सुकून विरळ झालेले असते. शिकारी प्राणी पाहायचे, तर हिवाळाच गाठावा, तो यासाठी. २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत या प्रदेशाची नोंद झाली. त्या यादीतले हे १०००वे स्थळ.

आम्ही मोरेमी अभयारण्यात फिरलो. हे अभयारण्य १९६३ साली स्थापन झाले. पहाटे उघड्या जीपमध्ये बसताना दातावर दात आपटत होते. कानाला मफलर, अंगावर ब्लँकेट, मांडीवर गरम पाण्याची पिशवी अशा थाटात सासूबाई बसल्या, की आमचा गाईड अदबीने म्हणायचा, ''दुमेला, म्मा!'' म्हणजे नमस्कार, बाई. सासूबाईही हात जोडायच्या.

पहिले दोन दिवस वाळूतले पंजे तेवढे दिसले. ''एवढा खर्च करून हरणेच पाहायची का?'' माझे यजमान कुरकुरले. गाईड मात्र शांत. मध्येच इंजिन बंद करायचा, पक्ष्यांचा कलकलाट ऐकायचा, पुन्हा निघायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यालगतच्या झाडाखाली अकरा रानकुत्री पहुडलेली दिसली. आपल्या ताडोबातल्या तांबूस रानकुत्र्यांचे हे दूरचे नातलग. मात्र यांच्या अंगावर काळे, पिवळे, पांढरे डाग आणि कान मोठे गोल. एक उठले, दुसऱ्याला हुंगले आणि चक्क शिंकले. मग दुसरे, तिसरे... आणि सगळी टोळी चालू लागली. ओकावांगोतल्याच टोळ्यांवरचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. जितक्या जास्त शिंका, तितकी टोळी निघण्याची शक्यता जास्त, असे त्यात आढळले. जणू मतदानच! ज्येष्ठ कुत्र्याने पुढाकार घेतला, तर थोड्या शिंकाही पुरतात.

समोर इंपाला जातीच्या हरणांचा कळप चरत होता. कुत्री पांगून धावू लागली, तशा सासूबाई कळवळल्या, ''अगं, त्याला हॉर्न वाजवायला सांग! हरीण पळेल तरी.'' मी गाईडला सांगितले. त्याने मान हलवली. ''म्मा, या दिवसांत यांची पिल्ले बिळात असतात. ती भुकेली असतील.''

रस्ता सोडून गाडी नेण्यास येथे मनाई आहे. वळसा घालून पोहोचलो, तोवर शिकार झाली होती. सासूबाईंनी पदर डोळ्यांवर घेतला. तेवढ्यात लंगडत एक कुत्रा मागून आला. तो खाणाऱ्यांपैकी एकाचे तोंड चाटू लागला. त्या कुत्र्याने गिळलेले मांस ओकून त्याच्यापुढे टाकले. पिल्लांना आणि त्यांच्या राखणीसाठी मागे राहिलेल्यांनाही असाच घास मिळतो, असे गाईडने सांगितले. सासूबाईंनी पदर केव्हा बाजूला केला, मला कळलेच नाही.

''लंगड्यालाही टाकत नाहीत,'' त्या हळूच म्हणाल्या. जगात अशी सुमारे ६,६०० रानकुत्रीच उरली असल्याचा अंदाज आहे, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या.

यजमानांना आता बीळ पाहायचे होते. गाईडने नम्रपणे नकार दिला. गाड्यांची वर्दळ वाढली, तर पिल्लांना धोका. यजमान आग्रह करणार, इतक्यात सासूबाईच बोलल्या, ''बाळंतिणीच्या खोलीत कुणी गर्दी करतं का रे? चल, मागे फिरव गाडी.'' भाषा कळली नाही, तरी गाईड हसला.

तुम्हीही जाणार असाल, तर जोहान्सबर्गमार्गे माऊन गावी विमानाने पोहोचता येते. पहाटे कडाक्याची थंडी आणि दुपारी ऊन असते. त्यामुळे एकावर एक घालता येतील असे कपडे, टोपी, मफलर आणि दुर्बीण न्या. मलेरियाविषयी डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्या. लहान मुले बरोबर असतील, तर कॅम्पची वयाची अट विचारून घ्या. निदान तीन-चार दिवस हाताशी ठेवा. आम्ही दुसऱ्याच दिवशी परतलो असतो, तर ती शिंक कुठली ऐकायला मिळाली असती?