मोत्यानंतरचं पिल्लू

मागच्या हंगामात कपाशी फवारून बादलीत उरलेलं पाणी मी बांधावर तसंच ठेवलं. मोत्या ते प्यायला, संध्याकाळपर्यंत गेला. चूक माझीच.

अजिंठ्याच्या डोंगरातली रानडुकरं मक्यात शिरतात, कुत्र्याशिवाय सोयगावात राखण होत नाही. धाकट्यानं दीड-दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. तीन रात्री नुसतं केकाटलं. आईनं जुनं लुगडं पोत्यावर अंथरलं, तेव्हा झोपलं. म्हशीचं निव्वळ दूध पाजलं तर हगवण लागली. आता ताकात कुस्करलेली भाकरी. जंताचं औषध झालं, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस.

शिकवणी एकच: पाणी फक्त मातीच्या परळातलं. दुसरीकडं तोंड घातलं की 'नाही', परळाशी आलं की भाकरीचा तुकडा. पण त्याच्या भरवशावर राहत नाही. फवारणीची बादली, डबे आता कुलपात.

नाव ठेवलेलं नाही. आई मोत्याच म्हणते.