हात दिसले पाहिजेत

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या धानोरा तालुक्यातल्या आठवडी बाजारात मोबाईलच्या दुकानावर मेमरी कार्ड भरून मिळतं. वीस रुपयांत गाणी, झाडीपट्टीची दोन-तीन नाटकं आणि जागा उरली तर एखादा सिनेमा. २०१८ च्या हिवाळ्यापासून त्या दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर आणखी एक फोल्डर आहे. त्यात मी केलेले व्हिडिओ आहेत: सौर दिव्याची बॅटरी कशी जोडायची, फोनवर मराठी कसं टाइप करायचं, सातबारा कसा उतरवून घ्यायचा, पाण्यात पडलेल्या मोबाईलचं आधी काय करायचं. त्याचे पैसे दुकानदार घेत नाही, मीही घेत नाही. कार्ड भरताना तो फक्त विचारतो, "सरचे व्हिडिओ टाकू का जी?"

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते चंद्रपुरात, २००७ साली. मी तिथं शिकायला होतो. वसतिगृहाच्या गच्चीवरून महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसायच्या. तेव्हा ते २३४० मेगावॉटचं होतं. त्या चिमण्यांकडे बघत आम्ही भारनियमनात बसायचो, आणि गावाकडे तर दिवसाचे बारा-बारा तास वीज नसायची. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर. त्या गच्चीवर बल्लारपूरच्या एका सीनियरनं मला एक जीबीचा पेनड्राइव्ह दिला आणि म्हणाला, "यात गाणी नाहीत. पण बघ."

त्यात रिव्हिजन३ नावाच्या अमेरिकेतल्या एका व्हिडिओ नेटवर्कचे कार्यक्रम होते. आजच्या पोरांना यात नवल वाटणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अमेरिकेत टेकटीव्ही नावाची, केवळ तंत्रज्ञानाला वाहिलेली एक केबल वाहिनी होती. २००४ मध्ये ती दुसऱ्या वाहिनीत विलीन झाली आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या बऱ्याच लोकांची कामं गेली. पण त्या लोकांना बघणारे प्रेक्षक कुठंच गेले नव्हते. पुढच्याच वर्षी लिओ लापोर्ट यांनी 'धिस वीक इन टेक' सुरू केलं, आणि केविन रोझ, जे अ‍ॅडेलसन, डेव्हिड प्रेगर वगैरे मंडळींनी रिव्हिजन३. टीव्हीवर असतात तसे ठरलेल्या नावाचे, ठरलेल्या निवेदकांचे कार्यक्रम, फक्त टीव्हीशिवाय. 'डिगनेशन'मध्ये दोन मित्र सोफ्यावर बसून आठवड्यातल्या बातम्यांवर गप्पा मारत. 'सिस्टम'मध्ये वस्तू घरी बनवून दाखवत. पुढं 'टेकझिला' आलं, त्यात लोकांच्या अडचणींना उत्तरं देत.

माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येक भाग ही एक फाइल होती. ती उतरवून घ्यायची, खिशात टाकायची, दुसऱ्याला द्यायची. नेट कॅफेवाला रात्री कॉम्प्युटर चालू ठेवायचा आणि सकाळी एक भाग उतरलेला असायचा. तो मग पूर्ण वसतिगृहात फिरायचा. इंग्रजी मला अर्धंमुर्धंच कळायचं. थांबवून, मागं नेऊन, वहीत शब्द लिहून मी एकेक भाग तीनदा बघायचो. त्यातूनच मला उबुंटू लिनक्स कळलं. त्या वेळी ते बनवणारी कंपनी कुणीही मागितली तर सीडी जगात कुठंही फुकट पाठवायची. मी मागितली. कित्येक आठवड्यांनी पोस्टमन वसतिगृहात माझं नाव पुकारत आला. परदेशातून माझ्या नावानं आलेलं ते पहिलं टपाल. पाकीट अजून आहे माझ्याकडे.

२००९ च्या उन्हाळ्यात एक जुना लॅपटॉप घेऊन मूल-सावली मार्गे गडचिरोली आणि तिथून गावी गेलो. तेंदूचा हंगाम होता. संध्याकाळी अंगणात सगळं घर पुडे बांधत बसलेलं, सत्तर पानांचा एक पुडा. पानं मोजता मोजता गप्पा. मी लॅपटॉप उघडून 'सिस्टम'चा एक भाग लावला, त्यात सोल्डरिंग होतं. माझे काका गावातले रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे विजेची सोल्डरगन नव्हती. लोखंडी कांब चुलीत तापवून ते कथील लावायचे. मी बाजूला बसून भाषांतर करायला लागलो, तर ते म्हणाले, "तो का म्हणते ते माले नोको सांगू बाबू. त्याचे हात दिसू दे."

मी गप्प बसलो. काकांनी तो तुकडा चार वेळा बघितला. मग म्हणाले, "तो कांबीवर कथील घेतच नाही. आधी तार तापवते, मंग तारेले कथील लावते."

सोल्डरिंगचं अख्खं शास्त्र एवढंच आहे. कांबीवर वितळवलेलं कथील थंड तारेवर टेकवलं, तर ते तारेला धरत नाही, वर नुसतं बसतं. चार दिवसांत सांधा सुटतो. काका वीस वर्षं तसंच करत आले होते, आणि त्यांनी जोडलेले रेडिओ पुन्हा पुन्हा त्यांच्याकडेच परत येत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या पद्धतीनं एक तार जोडली आणि ओढून पाहिली. सांधा सुटला नाही. हजारो मैलांवरच्या एका माणसाच्या हातातली विद्या माझ्या काकांच्या हातात, मधे एकही शब्द न येता उतरली. त्या माणसाला हे कधी कळणार नाही, याची चुटपूट मला आजही आहे.

शिक्षण संपल्यावर मी गडचिरोलीत एका कॉम्प्युटर वर्गात शिकवायला लागलो. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचं. त्यानंतर दूरदूरच्या गावांतली मुलं शहरात येऊ लागली. ती हुशार होती, पण पडद्यावरचं इंग्रजी बघून अंग चोरायची. कुठलं बटण कितवं हे पाठ करायची. आवृत्ती बदलली की पाठांतर वाया.

अशात मला स्पोकन ट्यूटोरियल सापडलं. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी केंद्र सरकारच्या मदतीनं उभा केलेला हा प्रकल्प. साधारण दहा मिनिटांचा एक व्हिडिओ, विषय एकच. पडद्यावरचं इंग्रजी तसंच ठेवायचं, कारण कामाच्या ठिकाणी तेच दिसणार आहे. निवेदन मात्र आपल्या भाषेत, मराठीतही. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, उरलेल्या अर्ध्यावर खरं सॉफ्टवेअर. बघायचं, थांबवायचं, करायचं. आणि इंटरनेट नसेल तर सीडीवरून चालवायचं. मी ते बघितलं आणि मला वसतिगृहाची गच्ची आठवली. दर्जाचं म्हणाल तर माझ्या मते आपल्या देशात तंत्रज्ञान शिकवणाऱ्या व्हिडिओंचं याहून मोलाचं काम दुसरं झालेलं नाही, आणि त्याची जितकी चर्चा मराठीत व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

माझ्या कॉम्प्युटर वर्गात एक माडिया मुलगी होती. तिनं लिब्रेऑफिस कॅल्कचे सगळे धडे मराठीत ऐकून संपवले. तेव्हा वनहक्क आणि पेसा कायद्यांच्या आधारानं आमच्याकडच्या ग्रामसभा तेंदूपानाचा लिलाव स्वतः करायला लागल्या होत्या. पानं गोळा करायच्या फळीवर कुणी किती पुडे आणले, शेकड्याचा भाव काय, कुणाचे किती झाले, हा हिशेब आता ठेकेदाराच्या मुन्शीच्या वहीत नव्हे, ग्रामसभेकडे ठेवायचा होता. तिनं तो कॅल्कमध्ये बसवला. प्रत्येक घराची एक ओळ, खाली बेरीज. गावातल्या बायांनी आपलं नाव पडद्यावर शोधलं आणि आकडा वहीशी ताडून बघितला. त्या दिवशी मी मागं उभा होतो.

२०१६ मध्ये जिओ आलं आणि तालुक्याच्या गावी व्हिडिओंचा पूर आला. तंत्रज्ञानाचे म्हणून जे व्हिडिओ मुलं बघायला लागली, त्यातले बहुतेक नव्या फोनचं खोकं उघडून दाखवणारे, आणि बहुतेक हिंदीत. वस्तू विकत घ्यायला शिकवणारे ढिगानं, दुरुस्त करायला शिकवणारे थोडे. शिवाय आतल्या गावांत रेंजच नव्हती. नक्षलग्रस्त भागांसाठी २०१४ मध्ये मंजूर झालेले सरकारी टॉवर टूजीचे होते, त्यावर बोलणं होई, व्हिडिओ नाही. ते फोरजी करायला मंजुरी मिळाली २०२२ मध्ये. यूट्यूबनं २०१४ च्या डिसेंबरात भारतात व्हिडिओ साठवून ठेवायची सोय दिली होती, पण सुरुवातीला ती ४८ तासांची, आणि साठवलेलं दुसऱ्याला देता येत नव्हतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद होतो, तिथं ४८ तासांचं काय करायचं?

म्हणून मी स्वतः व्हिडिओ करायला घेतले. फोन बांबूच्या तिकाटण्याला बांधायचा, तोंड खाली, जमिनीकडे. चौकटीत फक्त दोन हात आणि वस्तू. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की काम बंद, कारण आवाज ऐकू येत नाही. फाइल लहान करायची, साध्या फोनवर चालेल अशी. आणि मग ती बाजारातल्या दुकानात नेऊन द्यायची. तिथून ती शेअरइटवरून फोनाफोनांत जायची, रेंजशिवाय.

यात माझ्याकडून एक मोठी चूक झाली, ती लिहिलीच पाहिजे. सौर दिव्याच्या पहिल्या व्हिडिओत मी बॅटरीच्या पलीकडे, कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलो होतो. "डावीकडच्या टोकाला लाल वायर," असं मी म्हणालो. ते माझ्या डावीकडचं होतं, बघणाऱ्याच्या उजवीकडचं. शेजारच्या गावातल्या एकानं मी बोललो तसंच, आपल्या डावीकडं, जोडलं. वायरी उलट लागल्या आणि कंट्रोलर जळाला. तो माणूस बाजारात भेटला तेव्हा चिडलेला नव्हता. त्यानं उलट मलाच विचारलं, "माझं का चुकलं जी?" मला उभं राहवेना. त्याचा कंट्रोलर मी भरून दिला.

पण तोवर तो व्हिडिओ किती कार्डांत गेला होता कोण जाणे! इंटरनेटवरचा व्हिडिओ काढून टाकता येतो. कार्डावर गेलेला परत बोलावता येत नाही. तीन बाजार मी दुकानाजवळ उभा राहिलो, येणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड मागून जुनी फाइल काढली, नवी टाकली. स्पोकन ट्यूटोरियलमध्ये प्रत्येक संहिता आधी एका नवशिक्याकडून तपासून घेतात. ही पद्धत मला ठाऊक होती आणि मी घाईत ती पाळली नव्हती. तेव्हापासून माझा प्रत्येक व्हिडिओ आधी काका आवाज बंद करून बघतात. मग शेजारची एक मुलगी न बघता नुसता ऐकते. दोघांनाही करता आलं तरच तो दुकानात जातो. 'डावं-उजवं' हे शब्द मी काढूनच टाकले. बॅटरीवरची अधिक-उण्याची खूण आणि वायरीचा रंग, एवढंच बोलतो.

२०२० च्या जूनमध्ये सरकारनं ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात शेअरइट होतं. ते टाळेबंदीचे दिवस. शाळेचे वर्ग फोनवर आणि पोरं रेंजसाठी टेकडीवर. आमची वाटायची साखळी तुटते की काय असं वाटलं, पण महिन्याभरात लोकांनी दुसरी अ‍ॅप शोधली. कार्ड तर होतंच.

रिव्हिजन३ २०१२ मध्ये डिस्कव्हरीनं विकत घेतलं. पुढं २०१६ मध्ये तो सगळा कारभार ग्रुप नाइन नावाच्या नव्या कंपनीत गेला आणि जुनं नाव मावळलं. माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर त्यांचे काही भाग आहेत, अजून चालतात.

माझ्यापुढं आता एक काम उरलं आहे. भामरागड-एटापल्लीकडं माझी मराठी अर्धीच पोचते, जशी मला तेव्हा इंग्रजी पोचायची. तेंदूचा हिशेब बसवणाऱ्या त्या मुलीनं तीन व्हिडिओंना माडियात आवाज दिला आहे. ती आता नोकरीनिमित्त बाहेर असते, सवड मिळेल तसं करते. चौदा व्हिडिओंच्या संहिता तयार आहेत, चित्रण झालेलं आहे, हात त्यात स्पष्ट दिसतात. माडिया किंवा गोंडी घरात बोलणाऱ्या कुणी दहा-दहा मिनिटं दिली तर बाकीचं मी करतो. आणि मराठीत तंत्रज्ञानाचे व्हिडिओ करणाऱ्या सगळ्यांना एक विनंती: तुमची फाइल उतरवून दुसऱ्याला देता येईल अशी ठेवा. आमच्याकडे ती शेवटी बाजारातूनच जाते.